सह्याद्रीतली देशी फुलझुडपे : नाव कसे ठरवावे, जागा कशी निवडावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात डोंगरउतारावरची दोन एकर मुरमाड जमीन आपण घेतली आहे, तिच्या बऱ्याच भागावर घाणेरी माजली आहे, आणि फुलपाखरे, मधमाश्या व पक्षी यावेत म्हणून तिथे देशी फुलझुडपे लावायची आहेत. रोपवाटिकेने दिलेल्या यादीत कारवी, कुडा, भारंगी, मुसेंडा आणि तरवड ही नावे आहेत. मात्र त्यांची शास्त्रीय नावे एका पुस्तकात एक तर दुसऱ्यात वेगळीच सापडतात, म्हणून खरे नाव कोणते मानायचे आणि यांतले काय लावायचे, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो. या यादीतली भारंगी जरूर लावावी. कुडा आणि मुसेंडा या नावांखाली आपल्याला जे दाखवले गेले आहे, ते घेऊ नये. तरवड उत्तम झुडूप आहे, पण ते या जमिनीचे नाही. कारवी रोपाच्या पिशवीतून आणून लावण्याजोगी नाही. आपले दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत, कारण झुडपाचे नेमके नाव ठरल्याशिवाय ते कुठले, कोणत्या उतारावर आणि किती पावसात वाढणारे, त्यावर कोणता कीटक किंवा पक्षी जगणारा, यांपैकी कशाचेही उत्तर देता येत नाही.

शास्त्रीय नावे बदलतात यात गोंधळ नाही, त्यामागे नियम आहेत. वनस्पतींची द्विपद नावे, ज्यांत पहिले पद प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे, आणि दुसरे त्या जातीचे असते, 1753 सालापासून, म्हणजे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथापासून, ग्राह्य धरली जातात. एकाच जातीला दोघांनी वेगवेगळी नावे दिली असतील, तर सामान्यतः जे आधी रीतसर प्रसिद्ध झाले ते टिकते. प्रत्येक नाव एका ठरावीक नमुन्याशी बांधलेले असते आणि त्याला प्ररूप नमुना म्हणतात. नाव बदलण्याची कारणे मुख्यतः दोन असतात. एक म्हणजे जुने नाव भलत्याच वनस्पतीच्या नमुन्याशी बांधलेले होते किंवा त्याआधीचे नाव उपलब्ध होते, हे लक्षात येणे. दुसरे म्हणजे त्या वनस्पतीचे नातेसंबंध नव्याने उलगडणे आणि त्यामुळे तिची प्रजाती बदलणे. पहिले कारण ग्रंथालयात आणि नमुनासंग्रहात सापडते, तर दुसरे फुलाच्या रचनेत, परागकणांत आणि अलीकडे जनुकीय अभ्यासात.

भारंगीचे उदाहरण घ्या. लिनियसने 1767 साली तिला व्होल्कामेरिया सेरॅटा म्हटले. पुढे मून याने ती क्लेरोडेंड्रम प्रजातीत नेली, तेव्हा लॅटिनच्या लिंगानुसार पदाचा शेवट बदलून ती क्लेरोडेंड्रम सेरॅटम झाली. आयुर्वेदाच्या आणि वनौषधींच्या बहुतेक पुस्तकांत आजही हेच नाव छापलेले आहे. 1998 साली स्टीन आणि मॅबर्ली यांनी क्लेरोडेंड्रममधला एक गट वेगळा आहे असे दाखवून रोथेका ही जुनी प्रजाती पुन्हा प्रस्थापित केली आणि भारंगी रोथेका सेरॅटा झाली. तिचे कुलही व्हर्बिनेसीतून बदलून लॅमिएसी, म्हणजे तुळशीचे कुल, झाले. तीन नावे, पण झुडूप तेच. अशा वेळी दुसऱ्या पदाकडे पाहावे. शेवट बदलला तरी ‘सेरॅटा’ हे मूळ कायम राहते, आणि कर्त्याच्या, म्हणजे शास्त्रीय नाव देणाऱ्याच्या, नावाआधी कंसात लिनियसचे संक्षिप्त नाव दिसले, तर हे त्यानेच नाव दिलेले झुडूप आहे, नंतर फक्त दुसऱ्या प्रजातीत गेले आहे, हे कळते. म्हणून रोपवाटिकेकडून नाव घेताना ते कर्त्यासह लिहून घ्यावे. त्या चार अक्षरांनी पुढचा पुष्कळ घोळ वाचतो.

कुड्याच्या बाबतीत मात्र हीच युक्ती फसवते, म्हणून इथे जरा थांबतो. आपल्या यादीत कुड्यापुढे राइटिया अँटीडिसेंटेरिका असे लिहिले आहे. सह्याद्रीतला औषधी कुडा, ज्याची साल अतिसारावर वापरतात आणि ज्याच्या फुलांची व कोवळ्या शेंगांची भाजी कोकणात आवडीने करतात, तो होलॅरिना प्युबेसेन्स. जुन्या पुस्तकांत त्याला होलॅरिना अँटीडिसेंटेरिका म्हटलेले आढळते. लिनियसने 1753 साली ‘अँटीडिसेंटेरिका’ हे पद ज्या वनस्पतीसाठी वापरले तिचा प्ररूप नमुना श्रीलंकेतल्या एका वेगळ्या झुडपाचा निघाला. त्यामुळे ते पद त्या झुडपाकडे, म्हणजे राइटिया अँटीडिसेंटेरिकाकडे राहिले, आणि आपल्या कुड्याला दुसरे नाव वापरावे लागले. श्रीलंकेतले हे झुडूप बुटके, बारमाही पांढऱ्या चांदण्यांसारख्या फुलांचे आणि कुंडीत सहज फुलणारे असल्याने बागांसाठी सर्रास विकले जाते. जुन्या पुस्तकातले पद आणि रोपवाटिकेतल्या पाटीवरचे पद जुळते, आणि मग परदेशी शोभेचे झुडूप देशी कुडा म्हणून डोंगरावर जाते.

ओळख अवघड नाही. आपल्या कुड्याची पाने मोठी, समोरासमोर असतात, तोडल्यावर चीक येतो, एप्रिल ते जूनच्या सुमारास पांढऱ्या फुलांचे घोस येतात आणि शेंगा बारीक, लांब, जोडीने लोंबतात. फुलाच्या तोंडाशी झालर नसते. काळा कुडा म्हणतात तो राइटिया टिंक्टोरिया. त्याच्या फुलात मध्यभागी पांढऱ्या तंतूंची झालर स्पष्ट दिसते, आणि शेंगांच्या जोडीची टोके कोवळेपणी एकमेकांना चिकटलेली असतात. तोही आपलाच आहे आणि लावायला हरकत नाही, पण औषधी कुड्याच्या जागी तो चालत नाही.

मुसेंडाची गत थोडी अशीच आहे. गुलाबी किंवा मोतिया रंगाच्या मोठमोठ्या निदलांचे, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या दलांचे, जे मुसेंडा रोपवाटिकांत असतात ते बागेसाठी तयार केलेले वाण आहेत. सह्याद्रीत जे वाढते त्याला लोक भूतकेस, सरवड किंवा लवसत म्हणतात. जुन्या पुस्तकांत ते मुसेंडा फ्रॉन्डोसा म्हणून नोंदलेले असते, तर आता आपल्याकडच्या झाडाला मुसेंडा ग्लॅब्रॅटा म्हणतात. पावसाळ्यात त्याचे एकेक निदल पानाएवढे मोठे होऊन पांढरेशुभ्र दिसते, आणि खरे फूल त्याच्याजवळ लहानसे, नारिंगी, नळीसारखे असते. पांढरे निदल दुरून फुलपाखराला जागा दाखवते आणि नळीतला मध लांब सोंडेच्या कीटकालाच मिळतो. शिवाय कमांडर नावाच्या फुलपाखराच्या अळ्या मुसेंडाच्या पानांवर वाढतात. हिरव्यागार कुंपणाला हे झुडूप फार शोभते, आणि फांदीच्या तुकड्यांपासून होते.

आता कारवी. तिच्याविषयी आपण जे उत्साहाने लिहिले आहे ते मला समजते, कारण सह्याद्रीत तिच्याइतके विलक्षण झुडूप दुसरे नाही. नीस याने 1832 साली तिला स्ट्रोबिलँथिस कॅलोसा हे नाव दिले. 1944 साली ब्रेमेकँप या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने स्ट्रोबिलँथिस ही अवाढव्य प्रजाती अनेक लहान प्रजातींत विभागली आणि कारवीसाठी, एका जातीची, कार्व्हिया ही स्वतंत्र प्रजाती केली. ते नाव त्याने थेट आपल्या बोलीतून घेतले. गेल्या काही दशकांत हे लहान तुकडे नैसर्गिक नाहीत असे दिसून आल्याने बहुतेक अभ्यासक मूळ स्ट्रोबिलँथिसकडे परतले आहेत. म्हणून कार्व्हिया कॅलोसा आणि स्ट्रोबिलँथिस कॅलोसा ही दोन्ही नावे आपल्याला दिसली. आज लिहायचे ते दुसरे. बोलीतले नाव मात्र एकट्या या जातीचे नाही. कासच्या पठारावर टोपली पालथी घातल्यासारखी बुटकी, गोल झुडपे दिसतात ती टोपली कारवी, स्ट्रोबिलँथिस सेसिलिस. महाबळेश्वरकडचे मधपाळ व्हायटी म्हणतात ती स्ट्रोबिलँथिस इक्झिओसेफाला. या तिघींचे फुलण्याचे चक्र, उंची आणि जागा वेगवेगळी आहे. त्यामुळे कोणी नुसते ‘कारवीचे बी’ देऊ केले, तर कोणत्या कारवीचे, हे आधी विचारावे.

खरी कारवी साधारणपणे आठ वर्षांतून एकदा, एका डोंगरावर सगळी मिळून, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निळ्या-जांभळ्या फुलांनी फुलते आणि बी धरून मरते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती 2008, 2016 आणि 2024 साली फुलली. दोन डोंगरांची वर्षे जुळतीलच असे नाही, पण एका डोंगराचे चक्र पाळले जाते. मधल्या वर्षांत ती दर पावसाळ्यात हिरवी होते आणि उन्हाळ्यात नुसत्या काटक्या उरतात. एवढी वर्षे थांबून एकदम फुलण्याचे प्रयोजन काय, यावर सर्वांत पटणारे स्पष्टीकरण असे आहे की एका हंगामात एवढे प्रचंड बी पडते की ते खाणारे कीटक, उंदीर आणि पक्षी पोटभर खाऊनही बरेच शिल्लक राहते; आणि मधल्या वर्षांत बीच नसल्याने खाणाऱ्यांची संख्याही वाढत नाही. फुलोऱ्याच्या वर्षी आग्या आणि सातेरी मधमाश्यांना अमाप मध मिळतो, आणि कारवीचा मध म्हणून तो वेगळा ओळखला जातो. सुकलेली बोंडे झुडपावरच राहतात आणि पुढच्या उन्हाळ्याअखेर, पावसाच्या तोंडाशी, तडतडत फुटून बी लांब उडवतात. पहिल्या पावसात त्या मेलेल्या काटक्यांखाली रोपांची दाट साय येते, आणि तीव्र उतारावरची माती तीच धरून ठेवते. कोकणातल्या घरांचे कूड याच काटक्यांचे, वरून शेणमातीने लिंपलेले असत.

यातून आपल्यासाठी निघते ते असे. कारवी एकेकटी लावण्यात अर्थ नाही. तिचे सामर्थ्य समूहात आणि एकाच वेळी फुलण्यात आहे, आणि दोन वेगळ्या डोंगरांवरून वेगळ्या वर्षांची रोपे आणून मिसळली तर आपण तिचे हे घड्याळच बिघडवतो. आपल्या जमिनीच्या वरच्या अंगाला कारवी असेल तर ती आपोआप खाली उतरेल. नसेल, तर जवळच्याच डोंगरावरचे बी, तिथे कारवी फुलून गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात, जमीनमालकाच्या परवानगीने गोळा करावे आणि सावलीच्या उतारावर एकाच पट्ट्यात फेकावे. वनखात्याच्या हद्दीतून काही उचलू नये.

तरवडाबद्दल. लिनियसने त्याला कॅशिया ऑरिक्युलाटा म्हटले. 1982 साली अर्विन आणि बार्नेबी यांनी कॅशियाची विभागणी मांडली, आणि तेव्हापासून सेना ऑरिक्युलाटा हे नाव सर्वत्र रूढ झाले. पिवळ्याजर्द फुलांचे हे झुडूप दख्खनच्या कोरड्या माळाचे आहे, आणि तेलंगणाने त्याला राज्यपुष्प केले आहे. त्याच्या फुलात मध नसतो, फक्त पराग असतो, आणि तो परागकोशाच्या टोकाच्या छिद्रांत कोंडलेला असतो. भ्रमरासारखी मोठी माशी फुलाला बिलगून अंग थरथरवते तेव्हाच तो बाहेर पडतो. सासवड, जेजुरी, बारामतीकडे कोणी जमीन घेतली असती तर मी पहिले नाव तरवडाचे सुचवले असते. मुळशीच्या पावसात मात्र तो नीट रुजत नाही आणि रुजला तरी ती त्याची जागा नव्हे. पुणे जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे थोड्याच अंतरात पाऊस झपाट्याने कमी होतो. जिल्ह्याचे नाव पाहून झुडूप देशी ठरवता येत नाही, तालुकाही पुष्कळदा अपुरा पडतो.

मग लावायचे काय? त्याआधी, काय आहे ते पाहावे. बहुतेकांना लावण्याची घाई असते, पण अशा जमिनीत मुळे अनेकदा आधीपासून जिवंत असतात. दरवर्षी वणवा लागणाऱ्या आणि गुरे चरणाऱ्या उतारावर धायटी, कुडा, मुरुडशेंग आणि करवंद ही चौघे तग धरतात, कारण जळले किंवा तोडले तरी ती बुंध्यातून पुन्हा फुटतात. ती गुडघ्याएवढी खुरटलेली दिसतात म्हणून लोक त्यांना गवत समजून साफ करतात, याचे मला फार वाईट वाटते. डिसेंबर-जानेवारीत वणवा आत येऊ नये म्हणून हद्दीभोवती जाळरेषा काढावी, चराई थांबवावी, आणि एक पूर्ण वर्ष जमीन तशीच पाहावी. दुसऱ्या पावसाळ्यात याच खुंटांतून डोक्याएवढी झुडपे उभी राहिलेली दिसतील. त्यांची मुळे जुनी असल्याने त्यांना पाणी द्यावे लागत नाही.

धायटी, वुडफोर्डिया फ्रुटिकोसा, जुन्या पुस्तकांत वुडफोर्डिया फ्लोरिबंडा. हिवाळ्याच्या अखेरीपासून निष्पर्ण फांद्यांवर तांबड्या नळ्यांचे झुबके येतात, आणि तो तांबडा भाग पाकळ्यांचा नसून निदलपुंजाचा असतो. रानात दुसरे फारसे काही फुललेले नसताना शिंजीर पक्षी तिच्यावर दिवसभर असतात. आसवे आणि अरिष्टे आंबवण्यासाठी आयुर्वेदात हीच फुले वापरतात, त्यामुळे काही भागांत ती ओरबाडून नेली जातात. धूप झालेल्या, उघड्या मुरमावर तिच्यासारखी दुसरी नाही. मुरुडशेंग, हेलिक्टेरस आयसोरा, हे नावाच्या बाबतीत भाग्यवान झुडूप म्हणावे लागेल, कारण लिनियसने 1753 साली दिलेले नाव आजही तसेच आहे. त्यातले ‘आयसोरा’ हे पद 17व्या शतकातल्या मलबारच्या वनस्पतींवरील डच ग्रंथातून, स्थानिक नावावरून आले. त्या ग्रंथासाठी रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांनी काम केले होते आणि त्यांचे नागरी लिपीतले निवेदन त्यात छापलेले आहे. आपल्याकडच्या नावांचा शास्त्रीय नावांशी असलेला हा संबंध जितका जुना तितकाच अभिमान वाटावा असा आहे. मुरुडशेंगेचे फूल उमलते तेव्हा विटकरी लाल असते आणि जुने होताना निळसर राखाडी होत जाते. तिच्यावरही शिंजीर येतात.

करवंदाला कोणी कॅरिसा करंडास, कोणी कॅरिसा कंजेस्टा म्हणतात. आजच्या मांडणीत दुसरे पहिल्यात सामावते, तेव्हा त्यावरून वाद घालू नये. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पांढरी सुवासिक फुले, मे महिन्यात फळे. माझ्या दृष्टीने त्याचे सर्वांत मोठे काम तिसरेच आहे. त्याच्या काटेरी जाळीत शेळ्या तोंड घालत नाहीत, आणि जाळीवर बसलेल्या पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले बी तिच्या आडोशाला सुरक्षित वाढते. उघड्या उतारावर झाड परत येते ते बहुधा अशा जाळीतून. म्हणून करवंदाची एकही जाळी तोडू नये.

अंजनी, मेमेसायलॉन अम्बेलॅटम, ही सदाहरित आणि सावकाश वाढणारी आहे. महाबळेश्वर-माथेरानकडे ती खोडालगत निळ्या-जांभळ्या फुलांनी भरलेली दिसते. आपल्या जमिनीत ओढ्याकाठी, माती खोल असेल तिथे लावावी. उघड्या मुरमावर ती जगत नाही. रामेठा, जुन्या पुस्तकांत लॅसिओसिफॉन एरिओसेफालस आणि पुढे निडिया ग्लॉका, उंच कड्यांवरचा आहे. त्याची साल विषारी आहे, घराजवळ नको. माकडलिंबू, अॅटलँशिया रेसिमोसा, जरूर लावावे. 2015 साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेल्या नीलवंताच्या अळ्या लिंबाच्या कुलातल्या झुडपांवर वाढतात, त्यात हेही आहे.

इथून आपण घाणेरीकडे येतो. आपण लिहिले आहे की तिच्यावर फुलपाखरे खूप येतात, मग ती काढायची का. येतात हे खरे आहे. पण ती येतात मध पिण्यासाठी. अंडी घालायला त्यांना आपापली खाद्य वनस्पती लागते, आणि अमेरिकेतून आलेल्या लँटाना कॅमारावर आपल्या फुलपाखरांच्या अळ्या वाढत नाहीत. घाणेरीच्या दाटीखाली गवत आणि देशी रोपे उगवत नाहीत, म्हणजे जिथे अळ्या वाढल्या असत्या ती जागाच ती व्यापते. तेव्हा काढावी, पण एकदम नव्हे. पहिल्या वर्षी देशी झुडपांच्या भोवतालची, नंतर वरच्या अंगाकडून खाली, पट्ट्यापट्ट्याने. फळे पिकण्याआधी, जमिनीखाली खोड जिथे मुळाला मिळते त्याच्या खालून कुदळीने तोडून झुडूप उलटे करून वाळू द्यावे. नुसती वरून छाटली किंवा जाळली तर ती दुप्पट फुटते. बुलबुल तिचे बी पुन्हा आणून टाकतात, म्हणून पुढचे काही पावसाळे रोपे उपटत राहावे लागते.

नावाची खात्री करायची असेल तर फूल आणि फळ दोन्ही असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवावी, जागा, तारीख, उंची, फुलाचा रंग आणि स्थानिक नाव लिहावे, आणि पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाच्या नमुनासंग्रहात किंवा आघारकर संशोधन संस्थेत दाखवावी. थिओडोर कुकने 1901 ते 1908 या काळात लिहिलेली मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची ओळखीसाठी आजही अतिशय उपयोगी आहे. फक्त तिच्यातले नाव लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या जागतिक संकेतस्थळावर घालून सध्याचे नाव पाहून घ्यावे.

बियांचे वेळापत्रक असे ठेवावे. कुड्याच्या शेंगा उन्हाळ्याच्या तोंडाशी तडकण्याआधी काढाव्यात, नाहीतर म्हाताऱ्या उडून जातात. मुरुडशेंगेचे बी टणक असते, ते गरम पाण्यात रात्रभर भिजवून पेरावे. धायटीचे बी धुळीसारखे बारीक असते, ते मातीत न गाडता ओल्या मातीवर नुसते भुरभुरावे. भारंगी मुळाच्या फुटव्यांपासून लवकर होते, आणि तिच्या पानांची व फुलांची भाजीही पावसाळ्यात मिळते. करवंदाचे बी मात्र साठवू नये, त्याची उगवणशक्ती लवकर जाते. मे महिन्यात फळे खाल्ली की त्याच आठवड्यात धुऊन पिशव्यांत पेरावे, म्हणजे ती रोपे पुढच्या वर्षीच्या पावसाला लावण्याजोगी होतात.